कॅम्प थ्री गाठून संघ दिंगबोचेला का उतरला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ एव्हरेस्टला गेलाय, नेपाळच्या बाजूने. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घर सोडलं. मोहिमेच्या ग्रुपवर निरोप येतात ते असे: ‘कॅम्प वनला मुक्काम’, मग ‘संघ बेस कॅम्पला परत’, मग ‘कॅम्प थ्रीला स्पर्श करून परत’, आणि काल, ‘सगळे दिंगबोचेला उतरले’, म्हणजे बेस कॅम्पच्याही खालच्या गावात. महिना उलटला, तरी शिखर जवळ येण्याऐवजी लांबच चाललंय. काही बिनसलंय आणि आमच्यापासून लपवताहेत का? आई रात्रभर जागी असते.

आधी आईंना एवढं सांगा, की तुम्ही लिहिलेल्या निरोपांत घाबरण्यासारखं काही नाही. उलट, हा क्रम बघून मला बरं वाटलं. कॅम्प थ्रीपर्यंत जाऊन संघ धडपणे खाली आला, याचा अर्थ मोहिमेचं अर्ध्याहून जास्त काम झालंय. मी काही वर्षं स्वतः चढले आणि नंतर अनेक मोहिमांमध्ये बेस कॅम्प सांभाळला. तुम्हाला येतात तसे निरोप लिहिणं हे माझंच काम असायचं. आम्ही ते घाईत, थंडीने आखडलेल्या बोटांनी, चार शब्दांत लिहितो आणि घरी बसलेल्या माणसाला त्यातलं काय समजेल याचा विचार आमच्याकडून राहून जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण सह्याद्रीतली माणसं. आपल्याला डोंगर म्हणजे पहाटे वाडीतून निघायचं, दुपारी माथा, दिवेलागणीला परत. एकदा चढायचं, एकदा उतरायचं. कळसूबाई १,६४६ मीटर, त्याहून उंच आपल्याकडे काही नाही. तुमचा भाऊ विमानातून ज्या लुकलाला उतरला, तेच २,८६० मीटरवर आहे. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा, आणि शिखरावर, म्हणजे ८,८४८.८६ मीटरवर, जेमतेम एक तृतीयांश. हवेत ऑक्सिजनचा वाटा तोच असतो, साधारण २१ टक्के, पण दाबच नसल्याने एका श्वासात हाती लागतो तो फार थोडा. मुंबईच्या माणसाला उचलून थेट शिखरावर ठेवलं तर काही मिनिटांत शुद्ध हरपेल.

तरी माणसं तिथे चालत जातात, कारण शरीर शिकतं. श्वास जलद होतो, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. याला आठवडे लागतात, आणि त्याची रीत ठरलेली आहे: थोडं वर जायचं, शरीराला तो त्रास सोसू द्यायचा, मग खाली येऊन विश्रांती घ्यायची. वर गेल्याने शरीराला कळतं की काय हवंय, आणि खाली आल्यावर ते तयार होतं. साडेपाच हजार मीटरच्या वर कितीही राहिलात तरी शरीर पूर्ण रुळत नाही. भूक मरते, झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, साधी चीर भरून यायला दोन-दोन आठवडे लागतात, मांड्या-दंड उतरत जातात. म्हणून ‘आता वर पोहोचलोच आहोत तर थांबू’ हे तिथे चालत नाही. या वर-खाली फेऱ्यांना आम्ही रोटेशन म्हणतो. तुमच्या भावाचं खाली येणं हे चढाईचंच काम आहे.

आता प्रत्येक निरोपामागे काय घडतं ते सांगते.

‘कॅम्प वन’ म्हणजे खुंबू आइसफॉल ओलांडला. बेस कॅम्पच्या डोक्यावरच हिमनदी उंच पायरीवरून कोसळल्यासारखी खाली येते. घराएवढे, काही तर चाळीएवढे बर्फाचे ठोकळे, मध्ये खोल भेगा. आणि हे सगळं हलतं, दिवसाला मीटरभर. यातून वाट काढणाऱ्या शेर्पांना ‘आइसफॉल डॉक्टर’ म्हणतात. सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीमार्फत ते दर मोसमात आधी येऊन भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या टाकतात, दोर बांधतात, आणि संपूर्ण मोसम ती वाट दुरुस्त करत राहतात. ऊन चढलं की ठोकळे सैल होतात, म्हणून संघ मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास निघतो. १८ एप्रिल २०१४ रोजी याच वाटेवर वरच्या कड्यावरून बर्फ कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. ते इतरांसाठी ओझी वाहत होते. कोणत्याही मोहिमेच्या यशाबद्दल लिहिताना माझ्या मनात पहिली ती माणसं येतात.

बेस कॅम्पवरून आइसफॉलमधले हेडलॅम्प दिसतात. मी मेस टेंटच्या, म्हणजे जेवणाच्या तंबूच्या, दाराशी वॉकीटॉकी घेऊन बसायचे, मांडीवर वही. अंधारात दिव्यांची एक बारीक माळ वर सरकत असते. एखादा दिवा एकाच जागी फार वेळ थांबला की पोटात खड्डा पडतो. मग रेडिओवर आवाज येतो, ‘क्रॅम्पॉन सैल झालं होतं, आवळून घेतलं’ (क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे), आणि माळ पुन्हा हलते. मध्ये ‘फुटबॉल फील्ड’ नावाची एक सपाटशी जागा आहे, तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाने आवाज द्यायचा असा आमचा नियम. वहीत नाव, वेळ आणि पुढे एक शब्द: ‘बरा’, ‘खोकला’, ‘दमलाय’. त्या वहीतला तो एक शब्दच खरी प्रगती असते. उंचीचा आकडा ग्रुपवर जातो, शब्द वहीतच राहतो.

प्रत्येक रोटेशन म्हणजे आइसफॉलमधून दोनदा जाणं. ते टाळता येईल तितकं टाळावं म्हणून हल्ली बरेच संघ पहिला सराव जवळच्या लोबुचे ईस्टवर, ६,११९ मीटरवर, करून घेतात. तुमच्याकडच्या जुन्या निरोपांत ते नाव असेल तर तेव्हा भाऊ भलत्याच डोंगरावर का गेला असं वाटलं असेल. त्याचं कारण हे.

कॅम्प टू ६,४०० मीटरच्या आसपास, एका रुंद बर्फाळ दरीत. तिथे स्वयंपाकाचा तंबू असतो, गरम डाळभात मिळतो. त्या दरीत थंडी तर असतेच, पण दुपारी तिन्ही बाजूंच्या बर्फावरून ऊन परावर्तित होऊन अक्षरशः भाजून निघतं. सकाळी पिसांचं जाकीट, अकरा वाजता नुसता पातळ टी-शर्ट, आणि ढग आला की पाच मिनिटांत पुन्हा जाकीट.

त्यापुढचा कॅम्प थ्री म्हणजे खरी परीक्षा. शेजारच्या ल्होत्से शिखराच्या उभ्या, काचेसारख्या बर्फाच्या भिंतीवर सुमारे ७,२०० मीटरवर कुऱ्हाडीने कोरून काढलेले ओटे, त्यावर तंबू. जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, दोराला लावायचा, एक पाऊल, तीन श्वास, पुन्हा एक पाऊल. तंबूतून लघवीला बाहेर पडतानाही दोराला अडकवून घ्यावं लागतं. ‘दोन पावलंच जायचंय’ म्हणून न अडकवता बाहेर पडलेली माणसं त्या भिंतीवरून गेलेली आहेत. तुमच्या भावाने इथपर्यंत जाऊन, बहुधा ऑक्सिजनच्या मदतीशिवाय, शरीराला ही उंची दाखवली आणि तो परत आला. कितीतरी चांगल्या ताकदीच्या माणसांची मोहीम या टप्प्यावर थांबते. तो दिंगबोचेपर्यंत चालत उतरला, म्हणजे पुरेसा बरा आहे.

दिंगबोचे ४,४१० मीटरवर आहे. दगडी गडग्यांनी बांधून घेतलेली बटाट्याची शेतं, उबदार लॉज, अंथरूण. बेस कॅम्पपेक्षा हवा दाट. दोन रात्रींत झोप लागते, खोकला ओसरतो, माणूस ताटभर जेवतो. शेवटच्या चढाईआधी तीन-चार दिवस तिथे काढले की घटलेली ताकद काही अंशी भरून येते, आणि बेस कॅम्पवरच्या गर्दीतल्या सर्दी-जुलाबापासूनही सुटका होते. महिन्याभराची मेहनत एका जुलाबापायी वाया गेलेली मी पाहिली आहे.

आता पुढचे काही दिवस नुसतं थांबणं. हे थांबणं घरच्यांना सगळ्यात जड जातं, आणि संघालाही. हिवाळ्यापासून एव्हरेस्टच्या माथ्यावर जेट स्ट्रीम वाहत असतो, ताशी शंभर किलोमीटरच्याही वर. बेस कॅम्पवरून शिखराला पांढरी शेपटी फुटलेली दिसते, तो उडणारा बर्फ. मे महिन्यात, पावसाळा चढून यायच्या आधी, हा वारा उत्तरेकडे सरकतो आणि काही दिवस माथा शांत होतो. साधारण ताशी तीस किलोमीटरच्या आत वारा असलेले सलग दोन-तीन दिवस हवे असतात. त्याला वेदर विंडो म्हणतात. दुसरी अट दोरांची. शेर्पांची एक तुकडी शिखरापर्यंत दोर बांधते, त्याआधी कुणीच वर जाऊ शकत नाही. ‘अमक्यांचा संघ निघाला, आपला अजून खालीच’ अशी तुलना करू नका. २०१९ मध्ये नेपाळने ३८१ परवाने दिले होते आणि चांगल्या हवेचे दिवस मोजकेच मिळाले. शिखराखालच्या कण्यावर लागलेली ती रांग जगभर छापून आली. त्या वर्षी दोन दिवस उशिरा निघणारा नेता मला अधिक शहाणा वाटला असता.

निघायचं ठरलं की निरोप असा येईल: ‘संघ समिट पुशसाठी रवाना’, म्हणजे शिखराच्या शेवटच्या चढाईला निघाला. मग मध्यरात्री आइसफॉल, कॅम्प टू, तिथे बहुधा एक दिवस विश्रांती. कॅम्प थ्री, आणि तिथून ऑक्सिजन सुरू. मग साउथ कोल ही खिंड, ७,९०० मीटर, तिथे शेवटचा कॅम्प. तिथे दुपारी पोहोचून काही तास पडून राहायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, आणि रात्री आठ-नऊला निघायचं. ८,४०० च्या सुमारास बाल्कनी नावाची छोटी सपाट जागा, तिथे सिलिंडर बदलायचा. पुढे साउथ समिट हे मुख्य शिखराआधीचं छोटं शिखर, मग हिलरी स्टेप हा उभा टप्पा, आणि सारं नीट झालं तर सकाळी शिखर.

सिलिंडरचा हिशेब घरच्यांनी समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण त्यावरून परतीचे निर्णय कळतात. चार लिटरच्या एका भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १,२०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर घेतला तर दहा तास, चार लिटर घेतला तर पाचच. रांगेत दोन तास उभं राहावं लागलं तर ते दोन तास परतीच्या वाट्यातून जातात. म्हणून नेता आधीच एक वेळ ठरवून देतो. त्या वेळेला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी.

तसं फिरणाऱ्यांचं मोल मोठं आहे. २६ मे १९५३ रोजी ब्रिटिश मोहिमेतली बोर्डिलन आणि इव्हान्स ही जोडी साउथ समिटपर्यंत पोहोचली होती. त्यावेळी कोणीही त्याहून उंच गेलं नव्हतं, आणि मुख्य शिखर शंभरेक मीटरच वर होतं. वेळ आणि ऑक्सिजन पाहून ते परतले. तीन दिवसांनी हिलरी आणि तेनसिंग शिखरावर पोहोचले, आणि उतरताना त्यांच्या कामी आले ते याच जोडीने वाटेत ठेवलेले ऑक्सिजनचे सिलिंडर. आपल्या देशाची गोष्टही तशीच. १९६० ची भारतीय मोहीम शिखराच्या सुमारे दोनशे मीटर खालून परतली, १९६२ ची त्याहून जवळून. १९६० मध्ये मागे फिरलेल्यांत नवांग गोम्बू आणि सोनम ग्यात्सो होते. १९६२ मध्ये पुन्हा सोनम ग्यात्सो, आणि बरोबर कोहली. १९६५ मध्ये त्याच कोहलींच्या नेतृत्वाखाली नऊ जण शिखरावर गेले, त्यांत गोम्बू होते आणि ग्यात्सोही. गोम्बूंनी तर मधल्या काळात, १९६३ साली, अमेरिकन मोहिमेबरोबरही शिखर गाठलं होतं. ही माणसं त्या दोन वेळी परतली नसती तर १९६५ च्या यादीत त्यांची नावं कुठून आली असती?

तुमचा भाऊ बाल्कनीवरून परतला असा निरोप आला तर घरात कुणीही ‘अरेरे, थोडक्यात हुकलं’ म्हणू नका. तो ते स्वतःला हजार वेळा म्हणणार आहेच.

आता एक अनुभव सांगते, फार जिवाला लागलेला. एका मोहिमेत सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या एका गिर्यारोहकाने शिखरावरून रेडिओवर आवाज दिला. मी वहीत वेळ लिहिली आणि शहरातल्या आमच्या माणसाला कळवलं, पण बजावून सांगितलं, की ते साउथ कोलला उतरेपर्यंत बाहेर बोलू नका. ते राहिलं नाही. दहा वाजेपर्यंत त्याच्या घरी पेढे वाटले जात होते, शेजारपाजारचे हार घेऊन आले होते. आणि त्याच वेळी तो साउथ समिटच्या वर अडकला होता. समोरून चढणाऱ्यांची रांग संपेना, श्वासाच्या वाफेने मास्कची झडप गोठली, ती साफ करायला गॉगल वर सरकवला तो तसाच राहिला. संध्याकाळी सहाला तो साउथ कोलला आला तेव्हा बर्फाच्या चकाकीने त्याला काही दिसत नव्हतं, त्याच्या शेर्पाने त्याला अक्षरशः दोराला धरून आणलं होतं. तेवढे तास त्याची बायको अभिनंदनाचे फोन घेत होती, आणि मला एकेक फोन यायचा, ‘फोटो कधी पाठवताय?’ मी काय सांगणार होते? दोन दिवसांनी त्याची नजर परत आली. पण ती दुपार मला अजून आठवते.

म्हणून सांगते, ‘शिखर सर’ या निरोपावर पेढे आणू नका. ८,००० मीटरच्या वरचे बरेचसे मृत्यू उतरताना झालेले आहेत. माणूस थकलेला असतो, ऑक्सिजन संपत आलेला असतो, आणि मन सैलावलेलं असतं. निरोपात बघायचं ते हे, की नाव घेऊन सांगितलंय का, ‘अमुक सुखरूप कॅम्प टूला’. आणि त्यानंतर शेवटचा, आइसफॉल उतरून बेस कॅम्पला पोहोचल्याचा. तेव्हा आणा पेढे.

मध्ये एक-दोन दिवस काहीच निरोप आला नाही तर? येणार नाही, असंच धरून चाला. थंडीने बॅटऱ्या बसतात, वाऱ्यात रेडिओ ऐकू येत नाही, आणि बेस कॅम्पवर बसलेल्या माणसाचा सगळा जीव त्या सेटमध्ये असतो, मोबाइलमध्ये नसतो. घरातल्या एकाच व्यक्तीने मोहिमेच्या एकाच माणसाशी बोलायचं ठरवून टाका. आणि आत्ता, तो दिंगबोचेला आहे तोवर, भावालाच विचारून ठेवा की काही झालं तर आधी कोणाला कळवायचं. हा प्रश्न अभद्र नाही. आम्ही प्रत्येकाकडून तो लिहून घेतो.

तो बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा फोटो पाठवेल आणि त्यावर ८२ दिसेल. करोनाच्या दिवसांपासून आपल्या सगळ्यांना तो आकडा बघून धडकी भरते. पण बेस कॅम्पवर रुळलेल्या माणसाचा ८० ते ८५ हा नेहमीचा आकडा आहे. काळजीची लक्षणं निराळी. बसल्या जागी धाप, खोकल्यातून गुलाबी फेस, म्हणजे फुप्फुसात पाणी भरतंय. बोलण्यात विसंगती, झिंगल्यासारखी चाल, म्हणजे मेंदूला सूज. यावर एकच खात्रीचा उपाय, लगेच खाली उतरवणं. फोनवर तो सलग, नीट जुळणारं बोलत असेल, जेवणाबद्दल कुरकुर करत असेल, तर तब्येत ठीक आहे असं समजा. भूक लागल्याशिवाय कुणी जेवणाबद्दल कुरकुर करत नाही.

तो घरी येईल तेव्हाचंही आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे आई दारात त्याला बघून घाबरणार नाहीत. गालफडं बसलेली असतील, वजन आठ-दहा किलोने उतरलेलं, गॉगलची जागा सोडून चेहरा काळा पडलेला, ओठ फाटलेले. कोरडा खोकला दोन-तीन आठवडे टिकतो. दिवसा कुठेही झोपेल, झोपू द्या. पहिले काही दिवस सत्कार, मुलाखती लावू नका. एकदम पंगत वाढू नका, थोडं थोडं, सारखं देत राहा, वरणभात-तूप सगळ्यात चांगलं. पायाची बोटं बधिर आहेत असं म्हणाला तर तेल लावून चोळायला किंवा शेकायला बसू नका, आपल्याकडे मायेने हेच पहिलं केलं जातं आणि त्यानेच इजा वाढते. बोटांचा रंग काळसर किंवा मेणासारखा पांढरा दिसला, फोड असले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि हिमदंश आहे असं स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांना तो रोज बघायची वेळ येत नाही.